दर्शनी बाजू

नोंदवहीत एकच ओळ :
'पुरुष, फेटा. तैलरंग. देणगीदार अज्ञात.'
धूळ झटकायला चित्र उलटं केलं
तर फेट्याच्या पाठीला एक बाई निघाली.

नागपूरचा मे. कूलरचा वाळा तासाभरात सुकतो,
पाणी टाकायला मोरेश्वर येतो
आणि दर वेळी विचारतो, "सापडली का जी, कोन होती ते?"
मी कापसाचा बोळा जिभेवर ओला करते.
हसू नका, थुंकीइतकं सौम्य रसायन
अजून कुठल्या बाटलीत मिळालेलं नाही.
थुंकीने त्याची मिशी पुसते, मग तिचा गाल,
जत्रेत लेकराचं तोंड पुसावं तसं,
फक्त शंभरेक वर्षं उशिरा.

त्याच्या डोळ्यांत रंग पातळ, घाईचा.
कानातली भिकबाळी मात्र निगुतीने केलेली;
मोत्याचे पैसे वेगळे मिळाले असावेत.
तिला दागिना नाही.
तिची हनुवटी चार वेळा खोडून पाचव्यांदा काढली आहे.
टॉर्च तिरपा धरला की पाचही दिसतात
आणि ती हळूच मान हलवते : नाही, नाही.

मग काजळी. तिच्या बाजूला दिव्याची काजळी,
त्याच्या बाजूला चुन्याचे कण.
म्हणजे भिंतीला तोंड करून तो लटकला होता,
मिशी, मोती, सगळ्यासकट,
आणि दिवा तिच्यासमोर लागत होता.
कोणी लावला? किती वर्षं?
काजळीला वर्षं मोजता येत नाहीत,
ती नुसती बसते.

चौकटीच्या खालच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने मोडीत काहीतरी.
महालातले उमाठे मास्तर भिंग घेऊन अर्धा तास बसले.
"निनाव..." म्हणाले, "आणि शेवटच्या मात्रेवर नेमका खिळा ठोकलाय.
निनावे असेल तर आडनाव.
निनावी असेल तर तुमचं काम संपलं."
स्वतःच्याच विनोदावर त्यांना ठसका लागला.

तांडापेठेत निनाव्यांची सतरा घरं निघाली.
सोळा घरांनी मोबाइलवर बाईचा फोटो पाहिला,
पाणी दिलं, माझं लग्न झालं का विचारलं.
सतराव्या घरी डोमाजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
माग विकून वीस वर्षं झालेली.
फोटोचा काय उपयोग,
म्हणून कडेची गळून पडलेली बोटभर चिंधी
पाकिटातून काढून तळहातावर ठेवली.
त्यांनी ती अंगठ्याने चोळली, ओठाला लावली.
"लुगड्याचं हाय बाई हे. रंगवायसाठी नोतं इनलं.
काठाचा ताण पाय, उलट्या अंगानं आला.
इननारा डेबरा होता."
डेबरा, म्हणजे डावखुरा.
मग बराच वेळ नुसता पंखा.
"आमच्यात एकच होता तसा. त्याचं नाव घेत नाहीत घरी."
का?
"मले काय मालूम? घेत नाहीत, तं नाही घेतलं."

परतताना रिक्षात चेहरे डोळ्यांपुढे येईनात.
त्या दोघांच्या मधे, दोन्हीकडच्या रंगाखाली
एक माणूस खड्ड्यात पाय सोडून बसला होता,
डाव्या हाताने धोटा फेकत,
आणि त्याला ना हा दिसत होता, ना ती.
लुगडं कोणासाठी होतं
हे विचारायचं मी विसरले.
की विसरले नाही, घाबरले.

शनिवारी अहवाल द्यायचा आहे.
छापील फॉर्मात एक रकाना : 'दर्शनी बाजू'.
पेन्सिलीने एक शब्द लिहिला, खोडला.
खोडलेलंही तिरप्या उजेडात वाचता येतं,
हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक.

पाच वाजता मोरेश्वर कूलर बंद करतो,
दोन्ही हातांनी चित्र उचलतो, कपाटाशी थांबतो.
"मॅडम, आज भिंतीकडे कोनाचं तोंड करू?"

"धर जरा," मी म्हणते.

तो धरून उभा आहे.